केराबाईच्या हातचं बदक

केराबाईनं साफ केलेलं बदक दोन गोष्टींवरून ओळखू येई. एक, त्याची कातडी कुठंही फाटलेली नसे. दुसरी, खाताना दाताखाली छर्रा येत नसे. तलावाच्या वरच्या अंगाची धनगरवस्ती आणि आसपासची दोन-चार गावं, एवढ्या मुलखात हे सर्वांना ठाऊक होतं. बंदूक कुणीही उडवो, जाळं कुणीही लावो, पाखरू शेवटी केराबाईच्या दारात यायचं.

पौषातल्या त्या सकाळी तळ्याकडून बार ऐकू आले तेव्हा ती शेळीची धार काढत होती. शेरडं बिचकली, करडं आईच्या पोटाखाली शिरली. केराबाईनं मान वर केली नाही. आदल्या संध्याकाळी मुलगा मल्हार सुनेला घेऊन मोटारसायकलवर मुक्कामाला आला होता आणि पहाटेच तळ्याकडं गेला होता. मल्हार सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. कारखान्याचे मालक अंबादास शेठ यांना रानबदक खायची हुक्की आली होती. बंदूक शेजारच्या गावच्या रामहरीची. तिचा परवाना रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मिळालेला. बदकं मारायला कायद्यानं बंदी होती आणि ती बंदी तिघांनाही माहीत होती, म्हणूनच तर ते उजाडायच्या आत निघाले होते.

केराबाई धार काढता काढता आपल्या बोटांकडं बघत होती. बघितल्याशिवाय हातात सड आहे की नाही हे तिला आता कळत नव्हतं.

हे सुरू होऊन बरेच महिने झाले होते. आधी पायांना झालं. चालता चालता एका पायातली चप्पल मागं राहायची आणि तिला पत्ता नसायचा. एकदा दिवसभर शेरडांमागं हिंडून आल्यावर पाय धुताना टाचेत बाभळीचा काटा दिसला, चांगला बोटभर शिरलेला. तो कधी मोडला, कुठं मोडला, काही सांगता येईना. मग हातांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. पुढं मुंग्याही गेल्या आणि नुसती बोटं राहिली, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी.

तिनं कुणाला सांगितलं नाही. डोळे आणि कान चांगले होते, त्यांच्यावर तिनं काम चालवलं. भाकरी आवाजावर थापता येते. दूध धारेच्या आवाजावर काढता येतं. सुई सोडून दिली. चुलीतलं लाकूड पुढं सारताना ती आधी नीट बघून घ्यायची. वस्तीवर कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हातारी जरा सावकाश झाली, एवढंच लोक म्हणाले.

न सांगण्याला कारण होतं. तिच्या माहेरी एका चुलतीची बोटं अशीच बधिर झाली होती. तिला गावाबाहेर खोप घालून दिली. भाकरी दुरून फडक्यात टाकायचे. त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे; घेतलंच तर रक्तपिती म्हणत, तेही हळू आवाजात. केराबाई तेव्हा परकरी पोर होती. तिला चुलतीचा चेहरा आता आठवत नव्हता, पण ते फडकं आठवत होतं.

दुसरं कारण मल्हार. दिवाळीला ती अंगणात अडखळून पडली होती, तेव्हा त्यानं निक्षून सांगितलं होतं, "आये, हे बघ. आता एकडाव जरी काय झालं, पडलीस, भाजलीस, तर मी तुला इचारत बसणार न्हाय. उचलून न्हेईन. शेरडं इकून टाकीन आन् दाराला कुलूप लावीन." मल्हार उगाच बोलणारा मुलगा नव्हता. बापासारखाच, एकदा म्हणाला की करायचा.

त्याचा जुळे सोलापुरात फ्लॅट होता. गुंडा गेल्यावर, म्हणजे तिचा नवरा गेल्यावर, ती तिथं महिनाभर राहून आली होती. सगळं नीट होतं. सून चांगली होती, वेळेवर जेवण होतं, भिंतीवर टीव्ही होता. ती गॅलरीत बसायची आणि खालून रिक्षा जाताना बघायची. एक दिवस ती म्हणाली, मला वस्तीवर सोड. मल्हारनं सोडलं. तिला वस्तीवर राहायचं होतं, एवढी एकच गोष्ट तिला अजून हवी होती. का हवी होती हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. गुंडा अक्कलकोटच्या बाजारात बसल्या जागी गेला, त्याला माती दिली, दिवस घातले, आणि तेव्हापासून तिला कशाचं बरंही वाटत नव्हतं की वाईटही. बायका म्हणाल्या, रडली न्हाय गं बाई नीट, अडकलंय आत. अडकलं असेल. तिला तेही जाणवत नव्हतं.

सूर्य वर आला तशी शेठची गाडी धूळ उडवत वस्तीत आली. रामहरीनं खताचं पोतं आणून तिच्या पुढ्यात रिकामं केलं. चार बदकं एकावर एक पडली. दोन हळदीकुंकू, म्हणजे चोचीवर पिवळा-लाल ठिपका असलेली, आणि दोन थापट्या, फावड्यासारख्या चोचीच्या. माना लोंबत होत्या. एकीच्या चोचीतून अजून पाणी गळत होतं.

"घ्या वैनी," रामहरी म्हणाला, "तुमच्या माह्यारचं पावणं आलंत."

"माझ्या माह्यारी तळं न्हवतं," केराबाई म्हणाली. "नुसता माळ हुता."

"मग सासरचं म्हना की! आमी कुटं वाद घालतोय?"

अंबादास शेठ हसले. गोरे, जाड, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याच्यावर चिखलाचे शिंतोडे. "मावशी, हा मल्हार सहा महिने माझं डोकं खातोय. म्हणतो, आमच्या आईसारखं बदक अख्ख्या जिल्ह्यात कुणी करत नाही. खरं का?"

"खरं न्हाय तर काय," रामहरीच मध्ये बोलला. "शेठ, वैनीनं साफ केल्यालं बदक परत पान्यात सोडलं ना, तर पवून जाईल!"

"नागडं पवंल व्हय?" केराबाई म्हणाली. "लाज वाटंल की त्याला."

सगळे हसले. मल्हारही हसला आणि आईकडं जरा बघून राहिला. ती पूर्वीसारखी बोलली म्हणून त्याला बरं वाटलं असावं. केराबाईनं हात पदराखाली घेतले.

"तुमी जावा तिकडं लिंबाखाली," ती म्हणाली. "हितं पिसं उडत्यात."

तिला वाटलं होतं, सगळे जातील. पण सून, पूनम, पाट घेऊन शेजारीच येऊन बसली. पूनम सोलापूरची, बारावी झालेली, लग्नाआधी मेडिकलच्या दुकानात काम केलेली. चिकन दुकानातून कापून आणायचं, हे तिचं आजवरचं ज्ञान. ती म्हणाली, "आत्या, मला शिकवा. ह्यांनी इतकं कौतुक केलंय तर बघू तरी काय करता."

नको म्हणता येईना.

केराबाईनं पहिलं बदक मांडीवर घेतलं. हे काम तिला सासूनं शिकवलं होतं, लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात. गुंडा जाळ्याचा पटाईत. पहाटे तळ्यात छातीएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं लावायचा. तो पाखरं आणायचा आणि सासू-सुना ओट्यावर बसून साफ करायच्या. सासू म्हणायची, कोंबडीची पिसं उपटायची, बदकाची मागून घ्यायची. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरायची आणि उजव्या हाताच्या चिमटीत थोडीच पिसं घेऊन, ज्या दिशेनं उगवलीत त्याच दिशेनं ओढायची. जास्त घेतली की कातडी सुटते. ती सुटायला लागली की बोटाला आधी कळतं, डोळ्याला मागून. मग सासू गेली, पुढं फॉरेस्टवाल्यांनी गुंडाला एकदा पकडून ठाण्यात बसवलं आणि त्यानं जाळं सोडलं. पण गावातल्या कुणी ना कुणी वर्षाकाठी एक-दोनदा पोतं आणून ओतायचंच, आणि ती बसायची.

आता तिनं चिमटीकडं डोळे लावून काम सुरू केलं. थोडी पिसं, ओढ. थोडी पिसं, ओढ. छातीची पिसं निघाली, खाली राखाडी कापूस दिसला. पूनमनं दुसरं बदक घेतलं, मूठभर पिसं धरली आणि हिसडा दिला.

"तसं न्हवं. लुगडं फाडतीस का?"

"मग कसं?"

"चिमटीत. बामनाच्या शेंडीएवढी."

पूनम खुदकन हसली. तेवढ्यात शेजारची बजाबाई कांदे घेऊन आली. तिनं कमरेवर हात ठेवून दोघींकडं बघितलं. "अगं बया! सून शिकाय बसली? आता केराला पेन्शन की गं!"

"तुजी सून कवा बसती?" केराबाई म्हणाली.

"आमची? ती मोबाइलात बघून बदक सोलंल." कांदे ठेवून बजाबाई गेली.

मोठी पिसं निघाल्यावर कापूस काढायला गरम पाणी लागतं. बदकाच्या अंगाला तेल असतं, पाणी वरच्या वर घसरतं. म्हणून पाण्यात बुडवून हातानं दाबायचं, पिसं उलटी फिरवायची, म्हणजे पाणी मुळापर्यंत जातं. काठीनं ढोसलं तर छाती दबते. पण सगळं पाण्यावर आहे. गार असलं तर कापूस निघत नाही, उकळतं असलं तर कातडी शिजून पिसांबरोबर हातात येते. केराबाई पाण्यात बोट घालून बघायची. बोट ठेवू वाटू नये, पण भाजूही नये, असं पाणी लागतं. जन्मभर तिनं दुसरं माप वापरलं नव्हतं.

चुलीवरच्या पातेल्यातून वाफ निघत होती. तिनं पूनमकडं बघितलं.

"शिकायचं म्हनतीस न्हवं?"

"हो की."

"मग घाल बोट. पानी झालं का सांग."

"भाजेल की, आत्या!"

"भाजलं तर काड. ठिवू वाटंना पर भाजंबी न्हाय, असं पायजे."

पूनमनं भीत भीत करंगळी घातली आणि शू करून काढली. "फार गरम आहे."

केराबाईनं लोटाभर गार पाणी घातलं. "आता?"

"आता… ठेवता येतं. नाही, नको वाटतं. असंच ना?"

"असंच."

पहिलं बदक पाण्यातून निघालं, गोणपाटात गुंडाळलं, आणि थोड्या वेळानं चोळलं तशी कापसाची लव हातात आली. कातडी अखंड होती. मग कडब्याच्या जाळावर फिरवून उरलेली लव जाळली, राखेनं घासलं, हळद चोळली. शेपटीवरची तेलाची गाठ केराबाईनं सुरीनं उडवली. ती राहिली तर सगळ्या कालवणाला वास येतो. मग छर्रे. छर्रा जिथून शिरतो तिथं कातडीला बारीक भोक असतं, पण आत तो कुठं जाऊन बसतो ते बोटानंच शोधावं लागतं.

"चाप हितं," ती पूनमला म्हणाली. "खडा लागतो का बघ."

पूनम चाचपत राहिली. मग एकदम म्हणाली, "लागला! राईसारखा!"

केराबाईनं सुरीच्या टोकानं तो काढला. अशी दोघींनी मिळून दोन बदकं केली. पूनम आता रंगात आली होती. तिच्या नाकाला पीस चिकटलं होतं. केराबाई तिच्या बोटांकडं बघत होती. ती पांढरी, गुबगुबीत बोटं कातडीवरून फिरत होती आणि थांबत होती आणि परत फिरत होती. आजचा दिवस निघेल, एवढं केराबाईच्या मनात आलं. त्यापुढं काही आलं नाही.

तेवढ्यात मल्हार ओट्यापाशी आला. "पूनम, शेठला च्या टाक की. कवाचे बसलेत."

पूनम हात धुऊन आत गेली. आत गॅस होता. मल्हार तिथंच उभा राहिला. "आये, हुतंय का? शेठला दुपारी कारखान्यावर जायचंय."

"हुतंय की."

"दोनच राहिलीत न्हवं?"

"व्हय."

ती थांबू शकली असती. चहा व्हायला असा कितीसा वेळ लागतो! पण मल्हार बघत होता आणि त्यानं चुलीत आणखी एक तुराटीचा पेंडका सारला होता, पाणी निवलं असेल म्हणून. केराबाईनं पातेल्याकडं बघितलं. वाफ होती. पौषाच्या थंडीत कोमट पाण्यालाही वाफ असते. तिनं नेहमीसारखं बोट पाण्यात घातलं, नेहमीइतका वेळ ठेवलं आणि काढलं.

"झालं पानी," ती म्हणाली.

मल्हार समाधानानं लिंबाखाली गेला. तिनं मोठी पिसं आधीच काढलेलं तिसरं बदक बुडवलं, उजव्या तळव्यानं दाबलं, पिसं उलटी फिरवली. मग चौथं. गोणपाटात गुंडाळून थोड्या वेळानं उघडलं आणि चोळलं. लव निघाली, आणि लवेबरोबर कातडीही. छातीवरची पूर्ण कातडी ओल्या कागदासारखी निघून तिच्या तळव्यावर आली. खाली मांस पांढरं झालं होतं.

तिनं ते बघितलं. मग उजवा हात बघितला. मनगटापर्यंत लाल झाला होता, उकडल्यासारखा. त्याच्यात काहीच होत नव्हतं. तिनं हाताला हळद फासली, कारण हळद हाताशीच होती, आणि कातडीचे तुकडे पिसांच्या ढिगात सारले. आता ही दोन बदकं सबंध ठेवता येणार नव्हती. तिनं कोयता घेतला आणि भराभर तुकडे करायला सुरुवात केली. कालवणात पडल्यावर कातडी कुणाला दिसते!

छर्रे राहिले होते. बोटांचा उपयोग नव्हता, पण सुरीचं टोक छर्र्याला लागलं की टिक वाजतं. ती मांसात टोक फिरवून कान देऊ लागली. दोन-तीन सापडले. पण रामहरीनं शेठच्या गाडीतली गाणी मोठ्यानं लावली होती. "रामहरी, बंद कर की ते," ती ओरडली.

"वैनी, बदकाला शेवटचं गाणं ऐकू द्या की!" तिकडून उत्तर आलं, आणि हशा.

ती परत वाकली. ऐकू येईना. पूनम चहाचे कप देऊन आली तोवर तुकडे पातेल्यात पडले होते.

"आत्या, कापलं पण? आणि छर्रे?"

"काडलं."

"हाताला काय झालं?"

"हळद हाय बदकाची."

पूनमनं हाताकडं बघितलं, मग पिसांच्या ढिगाकडं. ढिगात कातडीचा एक तुकडा वर आला होता. तिनं फावडं घेतलं, परसात खड्डा केला, पिसं त्यात लोटली, वर माती आणि बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. फॉरेस्टचा गार्ड कधी फिरकला तर पिसं दिसायला नकोत, हे तिला मल्हारनं आधीच सांगून ठेवलं होतं.

कालवण झालं. काळं तिखट, भाजलेला कांदा-खोबरं, वरून तवंग. जेवायला लिंबाखाली घोंगडं अंथरलं. पूनम वाढत होती. शेठनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. "मल्हार, अरे काय हे! पगारवाढ मागणार होतास ना? माग आता."

"साक्षीला मी हाय," रामहरी म्हणाला.

मल्हार खूश झाला. "आये, ये की भाईर. तू वाढ शेठला. तुज्या हातचं हाय."

केराबाई आत होती. उजव्या हातावर आता फोड आले होते, करंगळीपासून तळव्यापर्यंत, पाण्यानं भरलेले. तिनं तो पदरात गुंडाळला आणि डाव्या हातात भाकरी घेऊन बाहेर आली. शेठच्या ताटात भाकरी ठेवली.

"डाव्या हातानं व्हय, वैनी?" रामहरी म्हणाला. "शेठ काय, नकोसा पावना हाय का?"

तो हसला. शेठ हसायला गेले आणि थांबले. गालाला हात लावला, तोंडातून काहीतरी काढलं, ताटाच्या कडेला ठेवलं. छर्रा होता. काळा, बारीक.

"आयला," रामहरी म्हणाला. "केराबाईच्या हातचं बदक आन् छर्रा?"

"असू दे, असू दे," शेठ म्हणाले. "दात आहे जागेवर." त्यांनी पुढचा घास घेतला आणि तो जपून चावला, आणि दुसरा छर्रा काढला. मग रामहरीलाही एक सापडला. "वैनी, बंदूक परत भरायची का, एवढं गोळा झालंत!" तो चेष्टा करत होता, मनात काही नव्हतं. पण मल्हार हसला नाही. तो ताटाच्या कडेच्या छर्र्यांकडं बघत होता. मग त्यानं आईच्या डाव्या हाताकडं बघितलं आणि पदरातल्या उजव्या हाताकडं.

तो जेवताना उठला नाही. शेठ जेवले, हात धुतला, मावशी फार छान झालं होतं म्हणाले. रामहरीला त्याच्या गावी सोडायचं होतं, बंदूक गाडीत फार वेळ बरी नव्हती. गाडी गेली. धूळ बसली.

मल्हार आत आला. केराबाई भिंतीला टेकून बसली होती.

"हात बघू."

तिनं डावा पुढं केला.

"त्यो न्हवं."

तिनं पदर सोडला. मल्हारनं फोड बघितले आणि त्याचं तोंड कसंनुसं झालं. "आये, कवा भाजलं?"

"पानी उडलं जरा."

"दुखतंय का?"

"दुखतंय की," ती म्हणाली.

पूनम दारात उभी होती. मल्हारनं आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. "तिकडं बघ. दाराकडं."

"कशापायी?"

"बघ म्हनतो न्हवं. कुठलं बोट धरलंय मी, सांग."

केराबाई दाराकडं बघत राहिली. पूनमच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघितलं. पूनमनं मान खाली घातली. बाहेर करडू ओरडलं. हातात काही नव्हतं, हात होता की नाही तेही माहीत नव्हतं.

"करंगळी," ती म्हणाली.

तिनं वळून बघितलं. तिचा हात तिच्याच मांडीवर पडला होता आणि मल्हारचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते.

"किती दिस झालं?" त्यानं विचारलं.

"लई न्हाय."

"आये."

"पाऊसकाळापासनं. त्येच्या आधी पाय."

मल्हार उठून बाहेर गेला. अंगणात उभा राहिला, परत आला. त्याला ओरडायचं होतं हे दिसत होतं, पण ओरडणं निघालं नाही. पूनम पुढं येऊन सासूपाशी बसली आणि स्वच्छ धुतलेला पंचा तिच्या भाजलेल्या हाताला सैलसर गुंडाळू लागली.

"पूनम," केराबाई हळूच म्हणाली, "ते न्हवं न्हवं? रक्तपिती?"

"नाही हो आत्या! माझ्या पप्पांना शुगर आहे, त्यांच्या तळपायांना असंच होतं. रक्त तपासलं की कळेल. गोळ्या असतात." तिनं पंचाचा आणखी एक वेढा घेतला. "मला सांगायचं होतंत. सकाळपासून माझंच बोट घालत होता ना?"

"तुजं बोट चांगलं हाय," केराबाई म्हणाली.

इतके महिने ज्या शब्दाला ती भ्यायली होती, तो असा एका वाक्यात निघून गेला होता. हलकं वाटायला हवं होतं. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग पूनमनं गाठ मारली आणि ती उठली.

"चला," मल्हार म्हणाला. "दवाखाना गाठायचा. हात बिघडंल न्हाय तर."

"सांजच्याला धार काडायची हाय."

"बजाकाकू काडंल."

"ती तांबडी तिला दूद देत न्हाय."

"आये," मल्हार म्हणाला, "मी इचारत न्हाय. दिवाळीला सांगितलं हुतं."

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं हुतंस."

पूनम म्हणाली, मी आज मागं राहते, शेरडं लावून देते, घर आवरते, उद्या एसटीनं येते. बजाबाई कुंपणापाशी आली होती. काय झालं, केरा कुटं निघाली, असं तिनं दोनदा विचारलं आणि मग तिला हातावरचा पंचा दिसला. ती म्हणाली, "जा बाई, दाखवून ये. तांबडीला मी गोंजारून बघते." केराबाईनं मान हलवली. तिनं चप्पल घातली, दोन्ही पायांत आहे का ते बघितलं.

मल्हारनं मोटारसायकल सुरू केली. "बस. घट्ट धर मला. रस्ता खराब हाय."

ती मागं बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा त्याच्या कमरेला घातला.

"धरलंस का?"

"धरलं."

मग तिनं मान वाकडी करून खाली बघितलं. बोटं त्याच्या शर्टावर होती, मुडपलेली. गाडी उताराला लागली, वस्ती मागं गेली, उजव्या हाताला तळं चमकलं आणि बदकांचा एक थवा पाण्यावरून उठला. केराबाईनं तिकडं बघितलं नाही. ती बोटांकडंच बघत राहिली, सुटली तर कळावं म्हणून.